खिळा मारायचा नाही

करारात सातव्या कलमात लिहिलंय :
भिंतीला नवीन खिळा मारायचा नाही.
म्हणून सामान उतरल्याबरोबर मी आधी
जुने खिळे मोजले.
अकरा. त्यातले दोन वाकलेले,
एकाला मुंडीच नाही,
आणि एकावर आधीच येशू आहे.

त्याला हलवायचं नाही असं करारात नव्हतं.
किल्ली देताना ब्रिजेट आंटीने नुसतं वर बघितलं,
मीही बघितलं. झालं.

दोन महिन्यांसाठी मनोरी.
तिकडे कन्नमवार नगरात आमच्या इमारतीचे खांब सोललेत,
स्वयंपाकघरात लोखंडी टेकू,
पोळ्या करायच्या तर दोन टेकूंच्या मधून
अंग चोरून.
सोसायटी म्हणाली, पाच जूनपर्यंत.
सोसायटी काय, काहीही म्हणते.

शार्दूल सकाळची बोट धरतो,
पलीकडे मार्वे, मग बस, मग पुढचं त्याचं ते.
ऑफिसात कुणी विचारलं, सुट्टीवर गेलायस का मनोरीला?
हा म्हणाला, हो.
रोज जातो.

ऋजुलला आल्या आल्या वासानं मळमळलं.
समोरच्या बांबूंवर बोंबील,
तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगलेले.
"आपलं घर कुठंय?"
मी म्हटलं, हेच.
"हे नाही. आपलं."
चौथ्या दिवशी ती बोंबील मोजत होती.
आठव्या दिवशी कावळे हाकलल्याबद्दल
आंटीच्या जावेनं तिला दहा रुपये दिले.
वास? कसला वास?

मी मात्र खिळ्यांपाशीच होते.
घड्याळ फार उंच लागलं. या घरातली माणसं
उंच असावीत, नाहीतर वेळ
मान वर करून बघायची त्यांना सवय असावी.
आरशात माझा भांग दिसतो,
हनुवटी नाही.
कॅलेंडर मोरीच्या दाराशी,
म्हणजे दूधवाल्याचा हिशेब ओल्या हातानं.
दिवा समजून मी पंखा लावते,
पंखा समजून अंगणातला दिवा,
आणि भर दुपारी मागच्या खोलीतून आंटी ओरडते,
"सूर्य कमी पडला काय गो?"

विहिरीचं पाणी मचूळ. तूरडाळीला सात शिट्ट्या.
देव लाडवांच्या डब्यातून आणलेत,
तीन दिवस ते डब्यातच होते,
झाकण जरासं कलतं ठेवून.
मग खिडकीच्या फळीवर बसवले,
येशूच्या बरोबर खाली, दुसरी जागाच नव्हती.
संध्याकाळी उदबत्ती लावली
की धूर सरळ वर जातो.
मी काय करणार.

बारावा खिळा मला दिसलाच नव्हता.
दाराच्या मागे, माझ्या गुडघ्याच्या जरा वर,
तिरका, अर्धाच आत गेलेला.
ऋजुलनं कुणाला न विचारता
त्यावर तिची पाण्याची बाटली अडकवली होती,
कधीपासून कोण जाणे.

आंटी भाड्याची पावती द्यायला आली
आणि बाटलीकडे बघत उभीच राहिली.
"तो रॉलंडनं मारला. पाच वर्षांचा होता.
बाप ओरडला, मी म्हटलं असू दे,
त्याच्या हाताला येईल असा एक तरी असू दे."
मग पदराने उगाच दाराची कडी पुसली.
"घड्याळाचा पण त्याचाच. कॅनडाला जायच्या आधी.
सहा फूट दोन इंच झाला गो तो.
मला दिसत नाय त्यातला टाइम."

त्या रात्री मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं,
काच पुसली, सेल बदलला,
परत तिथंच लावलं.

काल सोसायटीचा मेसेज आला : टेकू काढतोय,
रविवारी या.
शार्दूल खोकी बांधायला बसला.
बांधता बांधता म्हणाला,
"आपल्या घरी किती खिळे आहेत गं?"

मी सांगायला तोंड उघडलं.
आठवेना.
एका भिंतीचे सुद्धा.